माव्याचा अंदाज आणि खैरनारांचा अंगठा

आमच्या घरात आजवर जी मोठी भांडणं झाली ती माहेरावरून किंवा स्वयंपाकावरून झाली नाहीत. ती माव्यावरून झाली. मावा म्हणजे गुलाबाच्या कळीवर आणि कोवळ्या शेंड्यावर दाटीवाटीनं बसून रस पिणारी, मोहरीच्या दाण्याहून लहान अशी हिरवी कीड. माझे यजमान दत्तात्रय खैरनार पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि या किडीच्या मागे लागले. खरं तर आधीपासूनच लागले होते, निवृत्तीनंतर फक्त पूर्णवेळ झाले. मी मनातल्या मनात त्यांना खैरनारच म्हणते. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे आडनावानं हाक मारायची सवय काही सुटत नाही.

नाशकात गुलाबाचं वेड नवं नाही. या गावाचं जुनं नावच गुलशनाबाद. ते परत मिळवून देण्याची जबाबदारी आपल्या एकट्याच्या शिरावर आहे, अशा थाटात खैरनार सकाळी अंगणात उतरतात. त्यांच्या बागेतलं सगळ्यात लाडकं झाड म्हणजे त्यांनी स्वतः कलम करून वाढवलेला एक गर्द लाल गुलाब. ताठ उभा राहतो, कुणासमोर वाकत नाही आणि जवळ गेलं की टोचतो, म्हणून त्यांनी त्याला 'कलेक्टर' असं नाव दिलं. दर वर्षी माघात शहरात गुलाबाचं प्रदर्शन भरतं. तिथे कलेक्टरचं फूल गेलं की बाकीचे लोक दुसऱ्या नंबरासाठी भांडत.

आता अंगठ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. गुलाबवाल्या माणसाला कळी दिसली की त्याची तर्जनी आणि अंगठा आपोआप तिच्या देठाशी जातात आणि अलगद वर सरकतात. मावा चिरडला जातो, कळी स्वच्छ होते, बोटं पँटला पुसली जातात. हे चालू असताना तो माणूस तुमच्याशी पाणीकपातीवर बोलत असतो. आपण काय केलं हे त्याला कळतही नाही. एका लग्नात आहेर देताना खैरनारांनी नवरदेवाच्या गळ्यातल्या हारावर असा अंगठा फिरवला होता. नवरदेव जरा मागे सरकला, पण हे आपले आशीर्वाद देतच राहिले.

आणि अशा माणसाच्या पोटी केतकी जन्माला आली. मुलीचं नाव गुलाब ठेवायचं त्यांच्या मनात होतं, ते मी हाणून पाडलं. फूलच हवं ना, मग केतकी, असं आमचं मिटलं. ही मुलगी लहानपणापासून माव्याच्या पक्षात. आठवीत असताना तिनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कुंडीतल्या एका गुलाबावर मावा वाढवला. सकाळ-संध्याकाळ भिंग घेऊन बघायची. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळेतून आली तर कळ्या चकचकीत साफ. पोर जेवली नाही. खैरनार तिच्या शेजारी बसून म्हणाले, "वाऱ्यानं उडाले असतील गं." त्यांच्या अंगठ्यावर हिरवा डाग होता. तो मीही पाहिला आणि केतकीनंही. त्या दिवसापासून बापलेकीत भांडण असं झालं नाही, पण बोलणं कमी झालं, आणि ते मला भांडणापेक्षा जास्त लागत असे.

केतकी पुढे कीटकशास्त्र शिकली आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत लागली. तिथे तिनं जे शोधलं ते आता सगळ्यांना माहीत आहे, तरी माझ्या पद्धतीनं एकदा सांगते.

आमच्याकडच्या हवेत मावा म्हणजे सगळ्या माद्याच. त्यांना नराची गरज पडत नाही, अंडीही घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. आणि त्या पिल्लांच्या पोटात त्यांची पिल्लं आधीच तयार व्हायला लागलेली असतात. म्हणजे आईच्या आत मुलगी आणि मुलीच्या आत नात. बेताची थंडी, ढगाळ आभाळ आणि हवेत जरा ओलावा असला की आठवड्याभरात एकीची आजी होते आणि कळी दिसेनाशी होते. कडक ऊन पडलं की पिल्लं कमी होत जातात. पण त्यांचा खरा वैरी म्हणजे जोराचा पाऊस. अंग इतकं मऊ की एका थेंबानं खाली पडतात, आणि खाली पडलेला मावा क्वचितच परत वर पोचतो.

केतकीचा प्रश्न साधा होता. इतक्या मऊ अंगाच्या जिवाला पाऊस यायच्या आधी कळत नसेल, तर तो इतकी कोट्यवधी वर्षं टिकला कसा? तिनं वर्षानुवर्षं बघून शोधलं की त्याला कळतं. हवेचा दाब उतरायला लागला की मावा कळीत खुपसलेली सोंड काढून घेतो आणि खाली उतरून पानाच्या मागे जाऊन बसतो. रिमझिम येणार असेल तर थोडे उतरतात, सावकाश. धो धो येणार असेल तर बहुतेक सगळे, घाईनं. गारपीट येणार असेल तर शेंडे बघता बघता रिकामे होतात. उपग्रहाला जिल्हा दिसतो, आपली कॉलनी दिसत नाही. माव्याला जिल्ह्याशी कर्तव्य नसतं. तो आपल्या झाडापुरतं बघतो, आणि त्याचा अंदाज आसपासच्या तीन-चार किलोमीटरला बरोबर लागू पडतो.

यासाठी तिनं एक यंत्र केलं. गुलाबाच्या झाडाला घालायची, बारीक कॅमेऱ्यांची एक कंठी. ती शेंड्यावरचा मावा सतत मोजते आणि मावा पळायला लागला की भागातल्या सगळ्या फोनवर इशारा पाठवते. कंठी चित्रं साठवत नाही, नुसते आकडे ठेवते. लोकांच्या अंगणातली चित्रं साठवायची नाहीत, असा तेव्हा नवा कायदाच झाला होता.

नाशकात पहिली कंठी कुठे बसवायची, असा प्रश्न आला तेव्हा केतकीनं घरी फोन केला आणि पहिल्यांदा मला नाही, त्यांना मागितलं.

"पप्पा, मला कलेक्टर हवा आहे."

खैरनारांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "फवारणी?"

"नाही करायची."

"साबणाचं पाणी?"

"नाही. आणि हातही लावायचा नाही."

"म्हणजे प्रदर्शनाला कलेक्टर नाही," ते म्हणाले.

"नाही, पप्पा."

"घेऊन जा मग कंठी," ते म्हणाले आणि फोन मला देऊन अंगणात गेले. मी खिडकीतून पाहिलं तर कलेक्टरसमोर नुसते उभे होते. मला त्या दिवशी त्यांचं फार कौतुक वाटलं. तसं मी त्यांना बोलून दाखवलं नाही, कारण ते लगेच हवेत जातात.

पहिला हिवाळा छान गेला. ढगाळ दिवस आले, कलेक्टरचे शेंडे माव्यानं गजबजले, पानं चिकट झाली, मुंग्या लागल्या. खैरनार हात पाठीमागे बांधून झाडाभोवती फिरत. माव्यानं दोनदा अवकाळी पाऊस बरोबर सांगितला, तोही वेधशाळेनं आकाश निरभ्र राहील म्हटलेलं असताना. मग काय विचारता. आमच्या गंगापूर रोडच्या बायका कुरडयांचा घाट घालण्याआधी माव्याला विचारू लागल्या. द्राक्षबागायतदार त्यावर विसंबून बागांवर प्लॅस्टिक ओढू लागले. बिल्डर जाहिरातीत लिहू लागले, दोन बेडरूम, स्वतंत्र पार्किंग आणि सोसायटीचा स्वतःचा मावा. समोरच्या गांगुर्डे वहिनी तर वाटी घेऊन आल्या. विरजण मागावं तशा म्हणाल्या, "थोडा मावा असला तर द्या ना. आमच्याकडचा ह्यांनी सवयीनं फवारून टाकला." खैरनारांनी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी मावा दिला, फांदीसकट. देताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसऱ्या हिवाळ्यात ते घडलं. पौष संपत आलेला, दुपारची वेळ, आभाळ लख्ख. खैरनार अंगणात फोनवर बोलत होते. प्रदर्शनाचा मांडव कुणी टाकायचा यावर त्यांचं त्यांच्या मंडळाच्या चिटणिसांशी वाजलं होतं. मी दारात तांदूळ निवडत होते. ते तावातावानं बोलत कलेक्टरपाशी गेले, बोलता बोलता थांबले, बोलता बोलता परत फिरले. दुसऱ्याच मिनिटाला माझा फोन किंचाळायला लागला. मग त्यांचा. मग गांगुर्ड्यांचा, मग सगळ्या कॉलनीचा. पडदा लालभडक. आजवरची सर्वात तीव्र गारपीट, ताबडतोब आसरा घ्या.

पुढचा तासभर आमच्या भागानं जे केलं ते मी विसरणार नाही. नव्या गाड्या आपली आपण चालतात, त्यांना इशारा मिळाला की त्या मालकाला विचारत नाहीत. त्या सगळ्या एकामागून एक निघाल्या आणि उड्डाणपुलाखाली जाऊन बसल्या. तिथे रिकाम्या गाड्यांची अशी कोंडी झाली की हॉर्न वाजवायलाही आत कुणी नव्हतं. ज्यांच्या गाड्या जुन्या होत्या त्यांनी त्यांच्यावर गाद्या आणि गोधड्या घातल्या. हल्ली पौषातही लग्नं लागतात, तसं लॉनवर एक लागत होतं, तिथल्या वऱ्हाडानं नवरानवरीला टेबलाखाली घेतलं. अंतरपाटही बरोबर घेतला म्हणे. गुलाब प्रदर्शनाचा अर्धा उभारलेला मांडव चिटणिसांनी स्वतः सोडवला. आणि वर आभाळ इतकं निळं की बघून लाज वाटावी. संध्याकाळपर्यंत एक गार पडली नाही. लोक गाद्या उन्हात घातल्यासारखं करून परत आत नेत होते.

खैरनार वॉशबेसिनपाशी हात धूत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"अंगठा दाखवा."

"काय बघू राहिली तू?"

"हिरवा आहे."

"पालक निवडला असेल."

"आज घरात पालक नाही. आणि तुम्ही आयुष्यात पालक निवडला नाही."

ते टॉवेल शोधू लागले. टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता. मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "वारा होता जरा." त्यांचं त्यांनाच ते वाक्य ओळखीचं वाटलं असावं, कारण त्या दिवशी ते जेवताना माझ्याकडे बघेनात.

केतकी दुसऱ्या दिवशी आली. तिच्या संस्थेत गदारोळ उडाला होता. मावा म्हणजे शेवटी किडा, त्याच्या भरवशावर शहर ठेवायचं का, असं वर्तमानपत्रं विचारत होती. संस्थेच्या प्रमुख, डॉ. हेमलता निंबाळकर, झाड बघायला स्वतः येणार होत्या. यंत्र असं का चुकलं याचं कारण त्यांना तिथल्या तिथे कळलं नाही, तर काम बंद आणि सगळ्या कंठ्या उतरवायच्या, असं ठरलं होतं. केतकीनं कंठी सोडवून शेजारच्या माव्यानं भरलेल्या शेंड्याभोवती पुन्हा बसवली, आकडे तपासले, कलेक्टरशेजारी स्टूल टाकून बसून राहिली. यंत्राला तिनं सगळं शिकवलं होतं. पाऊस, वारा, मुंग्या, मावा खाणारे ढालकिडे, कोळी, पाली, कोण आलं की मावा कसा पळतो हे सगळं त्यात होतं. आणि इथे एका क्षणात सगळा शेंडा साफ. असं कशानं होईल, हे काही तिला सुचत नव्हतं.

का सुचत नव्हतं ते मला समजत होतं. तिनं जन्मात एकही मावा चिरडला नव्हता. जी गोष्ट आपण कधीच करत नाही ती यंत्राला शिकवायची आठवण होणार कशी? पण आठवीतला तो प्रसंग ती विसरली नव्हती. रात्री भांडी पुसताना ती मला म्हणाली, "आई, पप्पांनी तर..." आणि अर्ध्यावर थांबली. "जाऊ दे. विचारलं तर वारा म्हणतील. मला परत ते ऐकायचं नाहीये."

खैरनार पॅसेजमध्ये पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही सांगणार की मी सांगू?" ते म्हणाले, "अगं, निंबाळकर मॅडम स्वतः गुलाबवाल्या आहेत. त्यांच्यासमोर कसं सांगू?" एवढं बोलून तांब्या न पिताच ठेवून आत गेले. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नोकरी करून ते एकच गोष्ट पक्की शिकले होते, ती म्हणजे गळती कुणाच्या हद्दीत झाली हे कधी कबूल करायचं नाही. मला त्या रात्री त्यांचा मनापासून राग आला.

निंबाळकर मॅडम सकाळी आल्या. कडक कॉटनची साडी, चेहरा त्याहून कडक, आपणहून चालणारी पांढरी गाडी फाटकापाशी. अंगणात पाऊल टाकलं आणि आधी गुलाबच बघितले. "हे कलम तुमचंच का? बाल्कनीत आठ कुंड्या आहेत माझ्या, पण असा ताठपणा नाही," असं म्हणाल्या तेव्हा खैरनारांची छाती क्षणभर फुगली. मग त्या केतकीकडे वळल्या.

"बोल. काय कारण सापडलं?"

केतकी उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. "मॅडम, अजून..."

"मी केलं," खैरनार म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी उजवा हात पुढे केला, शाळेत छडी खायला करतात तसा.

"फोनवर बोलू राहिलो होतो. हात गेला. यंत्राची चूक नाही, ह्या अंगठ्याची आहे." मग ते मॅडमना सोडून केतकीकडे वळले आणि त्यांचा आवाज जरा फाटला. "आणि आठवीतले पण मीच पुसले होते, बेटा. वारा नव्हता."

केतकीचे डोळे भरून आले आणि ती झाडाकडे बघत राहिली. माझ्याही हातातला चहाचा ट्रे हलला, कपबश्या वाजल्या. इतक्या वर्षांनी, तेही परक्या माणसासमोर, हे या माणसाला जमलं, याचा मला इतका आनंद झाला की चहा सांडल्याचं वाईट वाटलं नाही.

निंबाळकर मॅडमना मात्र या घरगुती गोष्टीचं काही नव्हतं. त्या तापल्या. "खैरनार, तुम्ही जबाबदार माणूस. या सगळ्या भागाचा अंदाज या झाडावर चालतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. हात लावायचा नाही एवढी एकच अट, तीही पाळता येत नाही?" बोलत बोलत त्या कलेक्टरजवळ गेल्या. "सवय म्हणे. सवय म्हणजे काय? शिकलेल्या माणसाचा आपल्या हातावर ताबा नको?" एक टपोरी कळी त्यांच्या अगदी समोर होती, माव्यानं भरलेली. "माझ्याकडेही गुलाब आहेत. मी काय दिसेल त्या कळीला..."

आणि आम्ही तिघांनी पाहिलं. तर्जनी आणि अंगठा देठाशी गेले आणि अलगद वर सरकले. बोटं साडीच्या निऱ्यांना पुसली गेली. कळी स्वच्छ झाली.

"...हात लावत सुटते?" मॅडमनी वाक्य पुरं केलं.

मग त्यांच्या पर्समधला फोन किंचाळला. माझा किंचाळला. समोर गांगुर्डे वहिनी गादी घेऊन धावत बाहेर आल्या. मॅडमची पांढरी गाडी आपणहून सुरू झाली, दिवे लावले आणि मॅडमना तिथेच ठेवून उड्डाणपुलाच्या दिशेनं निघून गेली.

मॅडम आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. तो हिरवा होता. कुणी हसलं नाही, म्हणजे मी ट्रे तोंडासमोर धरला होता. केतकीनं आधी इशारा मागे घेतला आणि मग शांतपणे विचारलं, "मॅडम, हे असं किती वेळा होतं?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम साध्या बाईचा झाला. "मला आत्ताही कळलं नाही, गं."

गाडी पुलाखालच्या कोंडीतून सुटेपर्यंत त्यांना आमच्याकडेच राहावं लागलं. वांग्याचं भरीत आणि भाकरी झाली. जेवताना त्यांनी आपण होऊन सांगितलं की काम चालू राहील, कारण यंत्र चुकलं नव्हतं, शेंडा खरोखरच साफ झाला होता. केतकीनं त्याच दुपारी दोघा गुन्हेगारांना झाडापाशी उभं केलं आणि कंठीला अंगठा शिकवला. ती पुनःपुन्हा म्हणायची, "पप्पा, सावकाश. आता मॅडम तुम्ही." खैरनारांना माव्यावर अंगठा फिरवायची सरकारमान्य परवानगी मिळाली होती, तर त्यांचा हातच उठेना. आता कंठीला माणसाची बोटं ओळखू येतात आणि ती इशारा देण्याऐवजी नुसती एक शिट्टी वाजवते. आमच्या कॉलनीत दिवसातून बऱ्याचदा शिट्टी ऐकू येते.

माघात प्रदर्शन भरलं, चिटणिसांनी मांडव पुन्हा बांधला. कलेक्टर अर्थातच घरी होता, अंगभर मावा घेऊन. खैरनारांनी कुंपणाशी वाढलेल्या एका साध्या पिवळ्या गुलाबाचं फूल नेलं होतं. नंबर येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी हौसेनं पाकळ्या फुलवून ठेवत होते. केतकी मुद्दाम पुण्याहून आली होती. परीक्षक दोन टेबलं पलीकडे होते. फुलावर एक जरी कीड दिसली तरी फूल बाद, असा तिथला नियम.

मी बघत होते. केतकी फूल न्याहाळायला वाकली आणि खैरनारांशी गप्पा मारता मारता तिचा हात पुढे गेला. तर्जनी आणि अंगठा, देठापासून वर, एकदाच. मग ती सरळ उभी राहिली.

"काय होतं गं?" खैरनारांनी विचारलं.

"काही नाही, पप्पा," केतकी म्हणाली. "वारा आला जरा."

खैरनारांनी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.